मल्टिपल स्क्लेरोसिस: गावाला काय सांगावे आणि काय सांगू नये

अमळनेर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा आशय असा:

“माझी धाकटी जाऊ ३१ वर्षांची असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला आधी एका डोळ्याने धूसर दिसू लागले होते, ते महिनाभरात आपोआप बरे झाले. पुढच्या वर्षी कमरेखाली मुंग्या आणि बधिरपणा आला, चालताना तोल जाऊ लागला. नाशिकला एमआरआय झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे कळले. औषधे सुरू आहेत. पण दिसायला ती धडधाकट आहे, त्यामुळे गल्लीतल्या बायका म्हणतात, ‘तिले काय व्हयनं? चांगली त शे!’ शाळेतही ‘रजा घेते आणि बाजारात फिरते’ असे बोलले जाते. सासूबाईंना बाहेरचे काही असावे असे वाटते, त्यांनी तिला एका भगताकडेही नेले होते. नणंदेचे लग्न जमवायचे असल्याने घरात आजाराचे नाव कोणी काढत नाही. मला वाटते, लोकांना कळले पाहिजे. ३० मे हा जागतिक एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) दिन असतो. त्या दिवशी बचत गटातर्फे चौकात मंडप घालून कार्यक्रम घ्यावा, जावेने दोन शब्द बोलावेत, तिचा सत्कार करावा आणि उपचारांसाठी वर्गणी जमवावी, असा विचार आहे. हे योग्य होईल का?”

ताई, जावाजावांबद्दल आपल्याकडे एरवी जे बोलले जाते ते पाहता तुमचे पत्र वाचून बरे वाटले. कार्यक्रम जरूर घ्या. मात्र तुमच्या बेतातल्या काही गोष्टी मला पटलेल्या नाहीत, त्या आधी सांगते.

तुमच्या पत्रात सासूबाईंचे मत आहे, गल्लीतल्या बायकांचे बोलणे आहे, शाळेतली कुजबुज आहे आणि तुमची तळमळही आहे. परंतु जावेला स्वतःला काय हवे आहे, याबद्दल त्यात एक ओळही नाही. आजाराची माहिती गावाला देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, पण तो आजार अमुक एका घरातल्या अमुक सुनेला आहे हे सांगण्याचा अधिकार फक्त त्या सुनेचा आहे. लहान गावात नाव न घेताही बोट कोणाकडे आहे हे लोक चटकन ओळखतात, तेव्हा नाव गाळले म्हणजे झाले असेही समजू नका. मंडपवाल्याशी बोलण्याआधी तिच्याशी बोला, तेही चार माणसांत नको, दोघीच असताना. ती नको म्हणाली तर तिला आग्रह करू नका आणि रुसूही नका. ज्या बाईला रोज वर्गात उभे राहायचे आहे, तिने आपल्या शरीराच्या अडचणी चौकात सांगाव्यात, अशी अपेक्षा ठेवणे मला बरोबर वाटत नाही.

नणंदेच्या लग्नाची काळजी मात्र अगदीच निराधार आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने तो होत नाही. तो सरळ आनुवंशिकही नाही. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण शंभरात दोन ते तीन इतकी मानली जाते, म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना तो होत नाही. तुमची नणंद आणि तुमची जाऊ यांचे तर रक्ताचे नातेच नाही! भावजयीच्या आजाराचा नणंदेला वारसा मिळेल कसा? घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एकदा शांतपणे, बोटांवर मोजून दाखवल्यासारखे सांगा. त्यांचा विरोध बराचसा या एका गैरसमजावर उभा आहे, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

आता आजाराविषयी. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांची नस यांतील मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून त्या वेष्टनावरच हल्ला करते आणि ठिकठिकाणी ते झिजते. विजेच्या तारेवरचे प्लॅस्टिक जागोजाग सोलले गेले की दिवा कधी लागतो, कधी मिणमिणतो, तसे मेंदूचे संदेश कधी पोहोचतात, कधी उशिरा पोहोचतात, तर कधी वाटेतच थांबतात. अशा झिजेचा डाग कोणत्या जागी पडला त्यावर लक्षण ठरते. म्हणून एकीला डोळ्याचा त्रास होतो, दुसरीला पायाचा, तिसऱ्याचे बोलणे जड होते. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे नीट वर्णन केले, तेव्हा हा काही अलीकडे निघालेला रोग नव्हे. जगात सुमारे २९ लाख लोकांना तो आहे. बहुतेकांना तो वयाच्या विशी ते चाळिशीत गाठतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक आहे. युरोपच्या मानाने आपल्याकडे रुग्ण कमी, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही रुग्ण पाहिलेला नसणे सहज शक्य आहे.

सासूबाईंना हसू नका. त्यांना तसे का वाटले, याला या आजारातच कारण आहे. बहुसंख्य रुग्णांमध्ये सुरुवातीची काही वर्षे हा आजार झटक्यांनी येतो: लक्षणे काही दिवसांत वाढतात, काही आठवडे राहतात आणि नंतर पुष्कळदा आपोआप ओसरतात. तुमच्या जावेचा डोळा असाच महिनाभरात सुधारला. अशा वेळी त्या महिन्यात घरच्यांनी जे काही केलेले असेल, म्हणजे भगताचा अंगारा, कुलदेवतेचा नवस, झाडपाल्याचा काढा किंवा दवाखान्यातले एखादे सलाइन, त्यालाच गुण आल्याचे श्रेय मिळते. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला अनुभव असल्यामुळे त्यावरचा विश्वास पुढे युक्तिवादाने हलत नाही. पुढचा झटका आला की ‘राहिलेले काहीतरी बाकी होते’ म्हणून पुन्हा तीच वाट धरली जाते, आणि मधल्या काळात वेष्टनाची झीज चालूच राहते. माझ्या मते या आजारातला खरा धोका भगतापेक्षाही ‘आता बरे वाटते आहे, औषध कशाला’ या विचारात आहे, आणि हा विचार चांगल्या शिकलेल्या घरांतही येतो. झटका आल्यावर शिरेतून दिले जाणारे स्टेरॉइड तो लवकर ओसरावा म्हणून असते. रोजची, महिन्याची किंवा सहा महिन्यांनी घ्यायची जी औषधे न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर, लिहून देतात, ती पुढचे झटके कमी व्हावेत यासाठी असतात. आजार मुळापासून घालवणारे औषध अजून नाही, पण १९९३ मध्ये इंटरफेरॉन हे असे पहिले औषध आल्यापासून झटके रोखणारी कितीतरी औषधे आली आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतात तितके नुकसान कमी होते. ती बरे वाटत असतानाच घ्यायची असतात, हे घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे.

सासूबाईंना ‘तुमचे खोटे’ असे म्हणण्याऐवजी, देवाचे करायचे ते करा, पण औषधाचा एकही डोस चुकवायचा नाही, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. शक्य झाल्यास पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि एमआरआयमधले पांढरे डाग डॉक्टरांकडून त्यांना दाखवून आणा. डाग दिसला की बाहेरच्या बाधेचा विषय पुष्कळदा तिथेच संपतो. मारहाण, चटके असले अघोरी प्रकार कोणी केले तर त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, परंतु घरातल्या काळजीपोटी केलेल्या गोष्टीला कायद्याची भाषा लावण्याची गरज नाही.

आता उन्हाविषयी, आणि याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपण खानदेशात राहतो.

या आजारात शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी लक्षणे उफाळून येऊ शकतात. वेष्टन झिजलेला तंतू उष्णता वाढली की संदेश नीट वाहून नेत नाही. श्रमानंतर रुग्णाची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्ये टिपले होते; त्यामागे उष्णता आहे हे पुढे कळले, आणि एमआरआय येण्यापूर्वी तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहण्याची पद्धत होती. टबात बसवून जे तपासले जाई, ते आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत रोजच घडते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी वर्षाचे वाळवण चालते. बिबड्यांचे पीठ शिजवताना काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. चुलीवरचे मोठे पातेले, वाफ, सतत हाटणे, आणि मग गच्चीवर वाकून थापणे. सकाळी आठपर्यंत हसत काम करणारी तुमची जाऊ दहा वाजता भिंत धरून खाली बसत असेल, तिच्या डोळ्यांसमोर धूसर होत असेल, आणि दुपारी कूलरसमोर दोन तास पडल्यावर पुन्हा उठून चहा करत असेल. पाहणाऱ्याला हे कामचुकारपणासारखे दिसते, आणि ‘मघाशी तर पाय चालत नव्हते’ हा टोमणा येतो तो इथूनच. ती दोन्ही वेळा खरीच असते. उष्णतेने वाढलेला त्रास अंग थंड झाले की उतरतो आणि त्याने नवे नुकसान होत नाही, एवढा दिलासा तिलाही द्या.

मात्र नवे लक्षण आले किंवा जुनेच वाढून एक दिवस उलटला तरी उतरले नाही, तर त्याला उन्हाचा त्रास म्हणून घरी बसू नका. तो नवा झटका असू शकतो. ताप किंवा लघवीचा संसर्ग असला तरी जुनी लक्षणे डोके वर काढतात, म्हणून ते आधी तपासले जाते. लघवीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, बहुधा तिनेही तुम्हाला सांगितले नसेल. या आजारात अनेकांना लघवीची घाई होते आणि थोपवता येत नाही. मग लग्नाला, सभेला जाताना बायका पाणीच पीत नाहीत; त्यातून संसर्ग, संसर्गातून ताप, आणि तापातून पुन्हा पायांची ताकद कमी. बाजारात फिरणारी पण वर्गात उभी न राहू शकणारी बाई लोकांना खोटी वाटते, पण बाजारातून हवे तेव्हा घरी परतता येते, वर्गातून येत नाही, हा फरक कोणी ध्यानात घेत नाही. थकव्याचेही तसेच. तो झोपेने जाणारा थकवा नसतो, आणि तो मोजण्याचे यंत्र कोणाकडे नाही. तिथे तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. वाळवणातले तिचे काम बदलून द्या: पहाटे बसून करायचे काम तिचे, चुलीपुढचे दुसऱ्या कोणाचे. गळ्याभोवती ओला सुती रुमाल, माठातले पाणी, आंघोळ कोमट पाण्याने, आणि घरातला एक कूलर तिच्या खोलीत. याला खर्च फारसा येत नाही.

यावरून कार्यक्रमाचेही ठरवता येईल. ३० मे रोजी भर दुपारी चौकातल्या मंडपात कार्यक्रम घेतला, तर ज्यांच्यासाठी तो आहे त्यांनाच तिथे बसवणार नाही. जागतिक दिन २००९ पासून पाळला जातो, तो चांगला आहे, पण तो पाळण्यासाठी अमळनेरचे ऊन सोसलेच पाहिजे असे नाही. एक तर सूर्य मावळल्यावर घ्या, नाही तर पाऊस पडून गारवा आल्यावर, जुलैमध्ये घ्या. जागा चौकाऐवजी अशी निवडा जिथे पंखा आहे, पायऱ्या नाहीत आणि जवळ वापरण्याजोगे शौचालय आहे. लोकांना आजाराची व्याख्या ऐकवण्याआधी ही व्यवस्था का केली आहे एवढे जरी सांगितले, तरी अर्धे व्याख्यान तिथेच होते.

बोलवायचे कोणाला, याचाही विचार करा. दोनशे माणसांपुढे भाषण करण्यापेक्षा गावातल्या आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, चष्म्याच्या दुकानाचे मालक, हायस्कूलचे दोन-तीन शिक्षक आणि तुमचा बचत गट एवढ्यांना बोलावणे मला अधिक उपयोगाचे वाटते. पुढची रुग्ण मुलगी सर्वांत आधी यांच्यापैकीच कोणाकडे तरी जाणार आहे. त्यांना हे सांगा: तरुण वयात एका डोळ्याची नजर काही दिवसांत मंदावली आणि डोळा फिरवताना दुखले, एकाचे दोन दिसू लागले, पायांपासून कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत बधिरपणा चढला, मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी सणक गेली, दारू न पिताही चाल झोकांडू लागली, आणि हे दिवसभराहून अधिक टिकले, तर चष्म्याचा नंबर बदलून किंवा ताकदीच्या गोळ्या देऊन थांबू नये, न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवावे, ते आपोआप बरे झाले तरीही पाठवावे. त्याच वेळी हेही सांगा की हातापायाला मुंग्या येण्याची कारणे बहुतेक वेळा वेगळीच असतात, जसे की मधुमेह, बी-१२ ची कमतरता किंवा मानेचा मणका. नाही तर सभेनंतर गावातल्या प्रत्येक मुंगीला लोक एमएस म्हणू लागतील!

सत्कार मला पटत नाही. शाल-श्रीफळ देऊन तुम्ही तिला ‘झुंजार’ ठरवाल, आणि दुसऱ्या दिवशी ती थकून झोपली तर त्याच शालीचा उल्लेख करून लोक बोलतील. वर्गणीचेही तसेच. औषधे महाग आहेत हे खरे, पण तिचा फोटो लावून व्हॉट्सॲपवर मदतीचा संदेश एकदा फिरला की तो परत घेता येत नाही. त्याआधी जे हक्काचे आहे ते मागा. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारण्याचे काम बचत गटाला चांगले जमेल. नोंदणीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते विचारून घ्या. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून याच आजारासाठी काम करते, तिच्या मुंबई आणि पुणे येथे शाखा आहेत. तिथे जावेला तिच्यासारख्याच इतर स्त्रियांशी फोनवर बोलता आले, तर तुम्ही आम्ही देऊ शकत नाही असा आधार तिला मिळेल.

शाळेचा प्रश्न गावजागृतीने सुटणार नाही, तो कागदाने सुटेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. याच कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेत नोकरी करताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, आणि कामाच्या जागी तिच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे आस्थापनेवर बंधनकारक आहे. ‘रजा घेते आणि फिरते’ या बोलण्याला तोंडी उत्तर देत बसण्यापेक्षा तळमजल्यावरचा वर्ग, बसून शिकवण्यासाठी खुर्ची, शौचालयाजवळची खोली आणि उन्हाच्या दिवसांत मैदानावरच्या कामातून सूट, एवढ्या चार गोष्टी मागणारा लेखी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. मुख्याध्यापकांना आजाराची माहिती द्यायची की नाही, हेही अर्थातच तिने ठरवायचे. मात्र सवलत मागायची असेल तर ती द्यावी लागेल.

सोबत दिव्यांग प्रमाणपत्राची आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, तयारी करा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. हा आजार चढ-उताराचा असल्याने तपासणीच्या दिवशी ती नेमकी चांगली चालत असेल, तर टक्के कमी लिहिले जाण्याची भीती आहे, म्हणून एमआरआयचे सर्व अहवाल, प्रत्येक झटक्याच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, डोळ्यांची तपासणी आणि न्यूरॉलॉजिस्टचे लघवी, नजर आणि तोल या तिन्हींविषयी स्पष्ट लिहिलेले पत्र तारखांच्या क्रमाने फाइलमध्ये लावून न्या. जुने कागद हरवले असतील तर नाशिकच्या रुग्णालयातून दुसरी प्रत मागवायला वेळ लागतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. अर्ज त्याआधी पोहोचायचा असेल तर फाइलचे काम याच सुट्टीत, सकाळच्या गारव्यात, तिच्यासोबत बसून सुरू करा.